आधी मोजा, मग चाकं घ्या: ट्रॅकच्या गाडीला अलॉय, स्पेसर आणि लांब स्टड बसवताना

वागळे इस्टेट, रबाळे, महापे, तुर्भे, तळोजा. ठाणे-नवी मुंबईच्या गाडीवेड्याच्या आसपास एवढे लेथ आणि व्हीएमसी (संगणकावर चालणारी मिलिंग यंत्रं) चालतात की सकाळी नमुना दिला तर संध्याकाळी स्पेसर, म्हणजे चाक आणि हबच्या मध्ये घालायची चकती, हातात पडतो. ही आपली मोठी सोय आहे आणि मोठा धोकाही तीच आहे. कापणारा कारागीर उत्तम असतो, पण तो भाग कुठे बसणार आणि त्याच्यावर काय भार येणार हे त्याला कोणी सांगितलेलंच नसतं. त्याला ‘सेंटरला एवढं होल, बाजूला चार होल’ इतकंच कळतं. उरलेला विचार आपण करायचा असतो.

हा लेख स्विफ्ट, सिटी, पोलो, पुंटो यांसारखी साधी गाडी घेऊन कोइम्बतूरच्या करी मोटर स्पीडवेवर किंवा चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईला जाणाऱ्यांसाठी आहे. गाडी फक्त पामबीच रोडवर रुंद दिसावी एवढीच इच्छा असेल, तर स्पेसर घेऊच नका.

चाक नटवर लटकत नाही

चाक ज्यावर बसतं आणि ज्याच्यासोबत फिरतं तो हब; त्यातून बाहेर येणारे आट्यांचे दांडे म्हणजे स्टड. बहुतेकांच्या डोक्यात चित्र असं असतं की चार स्टड म्हणजे चार खुंट्या आणि चाक त्यांवर अडकवलेलं. प्रत्यक्षात नट आवळल्यावर स्टड किंचित ताणला जातो. तो आकसायला बघतो आणि चाकाला हबवर दाबून धरतो. ब्रेक मारताना, वळणात झुकताना चाक जागेवर राहतं ते या दाबातून येणाऱ्या घर्षणामुळे. स्टडवर आडवा भार येऊ लागला, तर दाब आधीच सुटलेला आहे असं समजा. मग स्टड वाकतो, परत सरळ होतो, पुन्हा वाकतो आणि काही लॅपनंतर तुटतो.

हिशेब सोपा आहे. १२ मिमीचा स्टड, कोरडे आटे आणि १०० न्यूटन-मीटर टॉर्क असेल, तर एका स्टडमधून साधारण ४२ किलोन्यूटन, म्हणजे सव्वाचार टनांच्या आसपास दाब मिळतो. चार स्टडचे मिळून सतरा टन. १०.९ ग्रेडचा (ग्रेड म्हणजे पोलादाची ताकद) एम१२×१.२५ स्टड, म्हणजे १२ मिमी व्यासाचा आणि दोन आट्यांमध्ये १.२५ मिमी अंतर असलेला, सुमारे ७६ किलोन्यूटनपर्यंत कायमचा न ताणता टिकतो, म्हणजे हातात पुरेशी शिल्लक आहे. पण आट्यांना ग्रीस किंवा कॉपर पेस्ट लावून तोच टॉर्क दिला, तर घर्षण कमी झाल्यामुळे ताण उलट तीस टक्क्यांच्या आसपास वाढतो. ‘पुढच्या वेळी नट सहज निघावा म्हणून जरा ऑइल मारतो’ म्हणणाऱ्या पंक्चरवाल्याचा हात तिथेच धरायचा.

पुढचं सगळं याच एका गोष्टीभोवती फिरतं. दाब कशाने कमी होतो? मधल्या पृष्ठभागावर रंग, गंज किंवा माती असेल तर. स्टडचे आटे नटमध्ये पुरेसे गेले नसतील तर. नटची बैठक रिमच्या बैठकीशी जुळत नसेल तर. आणि मध्ये घातलेली प्रत्येक चकती आणखी एक पृष्ठभाग वाढवते, म्हणून स्पेसर हा शेवटचा उपाय. योग्य ऑफसेटचं चाक मिळत असेल, तर स्पेसरची वाटच धरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

गाडीचे आकडे

चाक बघायला जाण्याआधी चार गोष्टी वहीत हव्यात: पीसीडी (नटची भोकं ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास; ४×१०० म्हणजे १०० मिमीच्या वर्तुळावर चार भोकं), सेंटर बोअर (रिमच्या मधल्या भोकाचा व्यास), आट्यांचं माप आणि नटच्या बैठकीचा आकार.

मारुती स्विफ्टचा पीसीडी ४×१००, सेंटर बोअर ५४.१ आणि आटे एम१२×१.२५. होंडा सिटीचा पीसीडी तोच ४×१००, पण बोअर ५६.१ आणि आटे एम१२×१.५. म्हणजे मित्राच्या सिटीचे नट स्विफ्टच्या स्टडवर दोन-तीन फेरे जातात आणि मग आटे खातात. पोलोचा पीसीडी ५×१००, बोअर ५७.१. तिच्यात स्टड नसतात, एम१४×१.५ चे बोल्ट असतात. फियाट पुंटो आणि लिनिया ४×९८ आहेत, बोअर ५८.१, त्यांनाही बोल्टच.

पुंटोवाल्यांनी जास्त सावध राहायला हवं. बाजारात ४×१०० ची अलॉय ढिगाने मिळतात आणि दुकानदार ‘दोन एमएमचाच फरक आहे साहेब, बसतंय’ म्हणून बसवूनही देतो. पहिला बोल्ट नीट बसतो, समोरचा बोल्ट तिरका ओढला जातो, त्याची एकच कड टेकते. टॉर्क रेंच क्लिक होतो, पण दाब अर्धाही मिळत नाही. रस्त्यावर असं चाक कित्येक महिने टिकतं, म्हणून लोकांना ते चालतं असं वाटतं. ट्रॅकवर टिकत नाही.

बैठकीचं म्हणाल तर बाहेरची बहुतेक अलॉय ६० अंशांच्या शंकूची असतात. होंडाचे कंपनीचे नट आणि फोक्सवॅगनचे कंपनीचे बोल्ट गोलाकार बैठकीचे असतात. शंकूच्या खड्ड्यात गोलाकार नट बसवला, तर तो एका बारीक रेषेवर टेकतो. आवळताना काहीच कळत नाही, पण दोन सेशननंतर रिमचं अॅल्युमिनियम तिथे दबलेलं असतं आणि नट ढिला. नवीन रिम म्हणजे नवीन नट, हा खर्च बजेटमध्ये पहिल्याच दिवशी धरा.

ऑफसेटचं गणित

ऑफसेट म्हणजे रिमची मधली रेषा आणि हबवर टेकणारा चेहरा यांतलं अंतर. रिमवर ते ‘ईटी’च्या पुढे कोरलेलं असतं. आकडा कमी झाला की चाक बाहेर येतं, वाढला की आत जातं.

उदाहरणादाखल, आत्ता गाडीला साडेपाच इंच रुंद, ईटी ४५ चं चाक आहे आणि सात इंची, ईटी ३८ घ्यायचं मनात आहे. इंचाचे मिलिमीटर करून निम्मे घ्या. बाहेरची कड काढायला त्यातून ईटी वजा करा, आतली कड काढायला मिळवा.

जुनं: निम्मी रुंदी ६९.८५. बाहेर २४.८५, आत ११४.८५.
नवं: निम्मी रुंदी ८८.९. बाहेर ५०.९, आत १२६.९.

म्हणजे चाक बाहेर २६ मिमी आणि आत १२ मिमी सरकलं. आता खाली वाकून टॉर्च लावा आणि जुन्या टायरपासून शॉकअॅब्झॉर्बरच्या नळीपर्यंत किती जागा आहे ते मोजा. तिथे १६ मिमी असेल, तर १२ गेल्यावर ४ उरतात, आणि ते पुरेसे नाहीत. भर वळणात टायर आणि रिम दोन्ही लवचतात, शिवाय नवा टायर जुन्यापेक्षा पोटाला जाडही असेल. आतल्या बाजूला मी किमान ५ मिमी मोकळे ठेवतो, चिकट ट्रॅक टायर असेल तर त्याहून जास्त. इथे ५ मिमीचा स्पेसर खरोखर कामाचा आहे, कारण आत ९ मिमी मोकळे होतात. पण त्याच ५ मिमीने बाहेरची कड फेंडरकडे आणखी सरकते, हे विसरू नका. ईटी ३३ चं चाक मिळालं, तर हेच सगळं एका चकतीशिवाय साधतं.

टायरची उंचीही इथेच तपासून घ्या. १८५/६५ आर१५ चा व्यास सुमारे ६२१ मिमी, १९५/५० आर१५ चा ५७६. गाडी जवळपास २३ मिमी खाली येते. ट्रॅकवर गिअरिंग आखूड झाल्यामुळे गाडी चपळ वाटते, पण स्पीडोमीटर १०० दाखवतो तेव्हा खरा वेग साधारण ९३ असतो. आणि घोडबंदरच्या सर्व्हिस रोडवरचे गतिरोधक अचानक उंच झाल्यासारखे वाटतात.

कागद पुरे, आता गाडीखाली

गणिताने पर्याय गाळता येतात, खात्री गाडीखालीच होते. एकच चाक उसनं मिळवा, किंवा दुकानदाराला ‘ट्रायल फिट करूनच घेईन’ असं आधीच सांगून ठेवा. घासलेलं चाक कोणी परत घेत नाही, त्यामुळे हे पैसे देण्याआधीच.

जमीन सपाट हवी. आपल्या सोसायट्यांमधल्या पोडियम पार्किंगला पाणी वाहून जावं म्हणून उतार असतो, जॅक लावताना तो लक्षात ठेवा. मागच्या चाकांना ओंडके, गाडी स्टँडवर. जॅकच्या भरवशावर गाडीखाली हातही घालायचा नाही.

पुढचा स्ट्रट (स्प्रिंग आणि डँपर, म्हणजे शॉकअॅब्झॉर्बर, यांची जोडी) काढून स्प्रिंग बाजूला ठेवा आणि नुसता डँपर परत बसवा. आता नवीन चाक लावा, खालच्या आर्मखाली जॅक घेऊन चाक हळूहळू वर उचला, अगदी बंप स्टॉप (सस्पेन्शनचा शेवटचा रबरी अडथळा) दबेपर्यंत. प्रत्येक इंचाला थांबून स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. आतला फेंडर लायनर, ब्रेकची नळी, एबीएसची वायर, अँटीरोल बारची लिंक, फेंडरची दुमडलेली कड: जिथे कुठे टायर जवळ येतो तिथे खडूने खूण करा. हे काम एका माणसाचं नाही, आणि घाईचंही नाही. बहुतेक लोक हेच गाळतात आणि मग पहिल्या उजव्या वळणात फेंडर लायनरचा आवाज ऐकून पिटमध्ये येतात.

ब्रेक पॅड दाबणारा कॅलिपर आणि रिमच्या आऱ्या यांमधलं अंतर डोळ्यांनी कळत नाही. मुलांची खेळायची क्ले कॅलिपरवर थापा, चाक लावून हाताने एक फेरा फिरवा, काढा आणि दबलेल्या क्लेची जाडी व्हर्नियरने मोजा. तीन मिमीच्या खाली असेल तर नको. ही तपासणी नवीन, पूर्ण जाडीच्या पॅडवर करा. साध्या सरकत्या कॅलिपरमध्ये बाहेरचं पॅड जाड असताना कॅलिपरचं बोट जास्तीत जास्त बाहेर असतं. झिजलेल्या पॅडवर घेतलेलं माप तुम्हाला फसवतं.

चाक विकत घेताना

इथे थोडक्यात. रिमच्या मागच्या बाजूला भाराची मर्यादा कोरलेली हवी. जेडब्ल्यूएल हा जपानी मानकाचा शिक्का उत्पादक स्वतःच मारतो, व्हीआयए असेल तर त्यामागे त्रयस्थ नोंदणी असते. आयएसआय चिन्ह असेल तर उत्तम. दोन पीसीडींची आठ भोकं असलेलं रिम ट्रॅकला टाळा, भोकांमध्ये धातू कमी उरतो. जुनं रिम घेत असाल, तर ते फिरवत डायल गेज लावून वाकडं आहे का बघा आणि वेल्डिंग केलेलं आहे का, ते आतल्या बाजूने बघा. आपल्याकडच्या पावसाळी खड्ड्यांमुळे रिपेअर केलेली रिम्स बाजारात भरपूर आहेत आणि वरून पावडर कोटिंग केलं की ती नव्यासारखी दिसतात.

पावडर कोटिंगचा विषय निघालाच आहे तर: कोटिंगवाला पूर्ण रिम रंगवतो, हबवर टेकणारा चेहरा आणि नटची बैठकसुद्धा. तो रंग तापला की दबतो आणि नट आपोआप ढिला पडतो. टाकायला देतानाच या दोन जागा टेपने झाकायला सांगा. झालेलं असेल तर खरवडून काढा.

बोअर मोठा असलेल्या रिमला मधली फट भरणारी हब रिंग लागते. दुकानातली प्लॅस्टिकची रिंग ट्रॅकच्या उष्णतेत मऊ होते. अॅल्युमिनियमची करून घ्या, लेथवाल्यासाठी ते पंधरा मिनिटांचं काम आहे.

स्पेसर घ्यायचाच असेल तर

३ ते ५ मिमीची साधी चकती, १५-२० मिमीच्या पुढचा बोल्ट-ऑन स्पेसर आणि या दोहोंमधली अवघड जागा, असे तीन प्रकार समजा.

हबच्या मध्यभागी जी गोल कड वर येते, तिच्यावर चाक केंद्रात बसतं. व्हर्नियरच्या मागच्या काडीने तिची उंची मोजा, टोकाची तिरपी कड सोडून फक्त सरळ भाग. समजा ९ मिमी सरळ भाग आहे. ५ मिमीची चकती घातली की चाकाला ४ मिमी पकड उरते, ती चालते. ८ मिमीची घातली तर १ मिमी उरतो, म्हणजे काहीच नाही, आणि ८ मिमीच्या चकतीवर स्वतःची वेगळी कड उभी करायला पुरेसा धातूही नसतो. म्हणून ८ ते १२ मिमीची साधी सपाट चकती मी ट्रॅकच्या गाडीला लावणार नाही. एवढी जागा हवी असेल, तर चाकच चुकीचं निवडलं आहे.

बोल्ट-ऑन स्पेसर गाडीच्या मूळ स्टडवर आवळला जातो आणि त्याचे स्वतःचे स्टड असतात. इथे एक गोष्ट हमखास निसटते: मूळ स्टड स्पेसरच्या जाडीपेक्षा बाहेर येतात का? येत असतील तर चाक स्पेसरवर न टेकता स्टडच्या टोकांवर टेकतं. काही रिम्सना मागे खळगे असतात, त्यांत टोकं मावतात. बाकीच्यांना नाही. शिवाय स्पेसरचे नट चाकाच्या मागे लपतात, म्हणजे प्रत्येक तपासणीला चाक काढणं आलं. लांब स्टड आणि पातळ हबसेंट्रिक (हबच्या मधल्या कडेवर केंद्रात बसणारी) चकती ही जोडी मला त्यापेक्षा कधीही बरी वाटते, कारण सगळं एकाच नटमध्ये दिसतं.

लेथवर करून घेणार असाल, तर कागदावर हे लिहून द्या: माल ६०६१-टी६ अॅल्युमिनियम, सळईतून किंवा प्लेटमधून कापलेला, ओतीव नाही. दोन्ही चेहरे एकाच सेटिंगमध्ये फेसिंग, समांतरपणा ०.०५ मिमीच्या आत. आतलं बोअर हबच्या कडेवर हाताने सरकेल पण हलणार नाही असं. आतल्या कडेला चॅम्फर, कारण हबच्या मुळाशी बारीक गोलाई असते आणि चौकोनी कड तिच्यावर अडून चकती उचललेली राहते. स्टडची भोकं इंडेक्सिंग करून (यंत्रावर अचूक कोन फिरवून), हाताने मार्किंग करून नाही. घरी आल्यावर काचेवर ठेवून डुगडुगते का बघा आणि मायक्रोमीटरने चार जागी जाडी मोजा. एका ॲक्सलच्या दोन्ही बाजूंना एकच जाडी. दोन पातळ चकत्या एकावर एक कधीही नाही.

स्पेसरची किंमत बेअरिंगही चुकवतं. भार बाहेर सरकतो, स्टिअरिंगला धक्के जास्त जाणवतात, ब्रेकिंगमध्ये गाडी रस्त्याच्या चिरा धरून पळू बघते. ५ मिमीला हे फारसं कळत नाही, २० मिमीला नक्की कळतं.

स्टड किती लांब?

आत्ताच्या चाकाचा एक नट पूर्ण काढा आणि पुन्हा हाताने लावताना, पहिला आटा धरल्यापासून बसेपर्यंत, फेरे मोजा. किमान नियम असा की स्टडच्या व्यासाइतके आटे नटमध्ये गुंतले पाहिजेत. एम१२×१.२५ ला साधारण १० फेरे, एम१२×१.५ ला ८, एम१४×१.५ ला साडेनऊच्या आसपास.

समजा स्विफ्टला स्टीलच्या रिमवर ११ फेरे मिळतात. स्टीलचा पत्रा पातळ असतो, अलॉयची नटजवळची जाडी त्याहून ५ मिमी जास्त निघाली आणि ५ मिमीचा स्पेसर घातला. मिळून १० मिमी गेले, म्हणजे ८ फेरे गेले. उरले ३. गाडी अशीच पार्किंगमधून बाहेर पडेल, पामबीचवरून फिरूनही येईल. हा फरक बाहेरून कुणालाच दिसत नाही, आणि तेच वाईट आहे.

म्हणजे इथे स्टड मूळच्यापेक्षा किमान १० मिमी जास्त लांब हवा. मी १५ ते २० मिमी जास्त लांब घेईन, कारण पिटमध्ये घाईने चाक लावताना टोकाचा गुळगुळीत, बंदुकीच्या गोळीसारखा भाग नटला सरळ वाट दाखवतो. मात्र लांब स्टडवर टोपीवाले बंद नट चालत नाहीत. स्टडचं टोक टोपीच्या आतल्या टोकाला टेकतं, रेंच क्लिक होतो आणि चाक मात्र सैलच असतं. आरपार उघडे, स्टीलचे नट घ्या. रंगीबेरंगी अॅल्युमिनियमचे नट शोकेससाठी ठीक.

स्टड घेताना ग्रेड १०.९ किंवा त्याहून वरचा हवा. नंतर बघायचा नर्ल, म्हणजे मुळाशी असलेले दाते. जुन्या स्टडचा दात्यांवरचा व्यास आणि दात्यांची लांबी मोजा. व्यास कमी असेल तर स्टड हबमध्ये फिरेल, आणि मग नट ना आवळता येतो ना काढता येतो. जास्त असेल तर हबला तडा जाऊ शकतो. दाते हबच्या चेहऱ्याबाहेर आले तर डिस्क सपाट टेकणार नाही. ‘स्विफ्टचा आहे’ या शब्दावर विश्वास नको, मापावर ठेवा.

स्टड बदलणं

कॅलिपर काढा आणि तारेने स्प्रिंगला टांगा, रबरी नळीवर लोंबकळू देऊ नका. ब्रॅकेट आणि डिस्क काढा. खाडीच्या खाऱ्या हवेमुळे ऐरोली, वाशी, कोपरीकडच्या गाड्यांची डिस्क हबला गंजून चिकटलेली असते. गंज सोडवणारा स्प्रे मारून रात्रभर ठेवा, मग प्लॅस्टिकच्या हातोडीने गोल फिरत ठोका.

जुना स्टड काढण्याआधी एक साधी चाचणी करा. नवीन स्टडच्या लांबीची एक काडी कापा आणि हबच्या मागून, नकल (हब ज्यात बसतो तो भाग) आणि धूळपत्र्याच्या मधून, ती भोकात घालता येते का बघा. हब फिरवून सगळ्यात मोकळी जागा शोधा. कधी धूळपत्र्याला छोटी खाच पाडून काम भागतं. जागाच नसेल तर हब बाहेर काढावा लागतो, आणि हब दाबून काढताना बेअरिंगवर भार येत असल्याने ते सहसा पुन्हा वापरण्यालायक उरत नाही. ही चाचणी घरी केली तर नवीन बेअरिंग आधीच आणून ठेवता येतं.

आता स्टड बाहेर दाबायचा. हातोडीचे घाव घालू नका. हब गाडीवर असताना प्रत्येक घाव बेअरिंगच्या गोळ्यांवर पडतो, कडांवर बारीक खड्डे पडतात आणि मग ऐंशीच्या वेगाला घरघर सुरू होते. सी-क्लॅम्पसारखा स्टड प्रेस किंवा बॉल जॉइंट पुलर लावला की एका टणक आवाजासरशी स्टड सुटतो.

भोक ब्रशने साफ करा. नवीन स्टड मागून घाला आणि हाताने फिरवून जुन्या दातांच्या खाचांत बसवा. पुढून चार-पाच कडक वॉशर घाला, वॉशरच्या मध्ये थोडं ग्रीस, आट्यांवर नाही. त्यावर एक टाकाऊ नट उलटा, म्हणजे सपाट बाजू वॉशरकडे. लांब पान्याने हळूहळू ओढा. इम्पॅक्ट गन इथे नको, तिने स्टड तिरका ओढला जातो आणि आटे ताणले जातात. ओढता ओढता एका क्षणी पाना एकदम जड होतो, तेव्हा डोकं मागे टेकलं असं समजायचं. मागून फीलर गेजचं (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांचं) सर्वांत पातळ पान डोक्याखाली सरकवून पाहा. सरकलं तर अजून ओढायचं आहे. तो टाकाऊ नट आणि वॉशर नंतर फेकून द्या.

हब बाहेर आलेलाच असेल, तर सगळे स्टड हायड्रॉलिक प्रेसवर बसवून घ्या. वागळेतल्या कुठल्याही बेअरिंग बदलणाऱ्या गॅरेजकडे प्रेस असतो.

पोलो आणि पुंटोला दाबून बसवायचे स्टड नसतात, बोल्टच्या जागी आटे असलेला स्टड हबमध्ये स्क्रू करतात. आटे ब्रेक क्लीनरने कोरडे करा, मध्यम ताकदीचं थ्रेडलॉकर लावा, हबची पूर्ण जाडी धरली जाईल पण मागे टोक बाहेर येऊन नकलला घासणार नाही एवढाच स्टड आत घ्या आणि एक पूर्ण दिवस हात लावू नका. मध्यम ताकदीचं थ्रेडलॉकर साधारण १८० अंश सेल्सिअसच्या पुढे टिकत नाही. ट्रॅकवर ब्रेकची उष्णता हबपर्यंत येतेच, त्यामुळे चाक काढताना नटसोबत स्टडही फिरून बाहेर आला तर नवल नाही. आला, तर तो तसाच परत घालायचा नाही. साफ करून, नवीन थ्रेडलॉकर लावून, पुन्हा एक दिवस.

आवळणं

हबचा चेहरा, डिस्कचा बाहेरचा चेहरा, स्पेसरच्या दोन्ही बाजू आणि रिमचा टेकणारा भाग तारेच्या ब्रशने चमकेपर्यंत साफ करा. ग्रीस नाही. गंजाची भीती असेल तर मधल्या गोल कडेवर नखभर चालेल, सपाट भागावर नाही.

नट आधी पूर्णपणे हाताने. अडला तर जबरदस्ती नको, काढून पुन्हा. मग हवेतच, समोरासमोर, निम्म्या टॉर्कने. चाक जमिनीला टेकवून पूर्ण टॉर्क. सिटीला १०८ न्यूटन-मीटर, पोलोला १२०. स्विफ्टचा आकडा तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमधून घ्या. रेंच एकदा क्लिक झाला की थांबायचं, खात्रीसाठी अजून दोन क्लिक म्हणजे जास्तीचा टॉर्क. टायर दुकानात गाडी दिलीत तर ‘गन लावू नका, मी स्वतः आवळतो’ हे चावी देतानाच सांगा. त्यांना राग येत नाही, तुम्हीच विनाकारण संकोचता.

दाबून बसवलेले स्टड आणि नवे पृष्ठभाग सुरुवातीला किंचित बसतात. पन्नास ते शंभर किलोमीटरनंतर, गाडी थंड असताना, पुन्हा टॉर्क तपासा. ठाण्याहून शीळफाटा, पनवेल करून परत आलात की तेवढं होतं.

ट्रॅकवर

करी २.१ किलोमीटरचा छोटा आणि वळणांचा, इरुंगट्टुकोट्टईचा ३.७, ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट ५.१ आणि त्यावर लांब सरळ पट्टा, म्हणजे जोरदार ब्रेकिंग. जितकी उष्णता, तितकी नटवर नजर. आवळलेल्या प्रत्येक नटपासून रिमपर्यंत पेंट मार्करने एक रेघ मारा. पिटमध्ये आल्यावर रेघ तुटलेली दिसली की नट फिरला. सेशननंतर लगेच टॉर्क तपासू नका, गरम सांधा खोटं बोलतो. रिमला हात लावता येईल एवढं थंड होऊ द्या, मग फक्त आवळण्याच्या दिशेने तपासा.

एखादा नट पहिल्या सेशननंतर थोडा फिरला तर समजून घेता येईल. तोच नट दुसऱ्यांदा फिरला तर गाडी थांबवा, चाक काढा आणि चेहरे बघा. तिथे रंग, ओरखडे किंवा काळी पूड दिसेल. काळी पूड म्हणजे चाक हबवर सरकतंय. मग त्या हबचे सगळे स्टड बदला, फक्त एकच नाही. नट हाताने स्टडच्या टोकापासून मुळापर्यंत सहज जात नसेल, मध्येच अडत असेल, तर तो स्टड ताणला गेला आहे. नियमित ट्रॅकवर जाणाऱ्यांनी दर मोसमात स्टड बदलावेत, त्यांची किंमत एका टायरच्या तुलनेत किरकोळ असते.

कोइम्बतूर इथून बाराशे किलोमीटरच्या पुढे आहे. ट्रकवर गाडी पाठवणार असाल, तर पट्टे कशाला बांधतात ते उभं राहून बघा, आणि उतरवल्यावर टॉर्क तपासल्याशिवाय ट्रॅकवर जाऊ नका. स्वतः चालवत जाणार असाल, तर रस्त्यावर कंपनीची चाकं, ट्रॅकची डिकीत. खंबाटकीच्या घाटात सेमी-स्लिक (अगदी कमी खाचांचे ट्रॅक टायर) घासण्यात काय मजा आहे मला कळत नाही.

आरटीओ आणि विमा

एमएच-०४ असो की एमएच-४३, नियम एकच. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडी कंपनीच्या मूळ तपशिलापासून बदलता येत नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ही भूमिका ठाम केली. २०१९ च्या दुरुस्तीतल्या कलम १८२-अ(४) खाली मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. फेंडरबाहेर आलेला टायर लांबूनच दिसतो. खासगी कारच्या पॉलिसीत संघटित शर्यत, वेगचाचणी यांसाठीचा वापर वगळलेला असतो, म्हणजे ट्रॅकवरचं नुकसान आपलंच. आणि रस्त्यावरच्या दाव्यात सर्व्हेअर न कळवलेला बदल शोधतोच. घरी परत आलात की स्पेसर काढा, कंपनीची चाकं लावा. लांब स्टड तसेच राहू द्यायला हरकत नाही, फक्त उघडे नटच वापरा, कंपनीचे टोपीवाले नाहीत.

डब्यात कायम ठेवायचं सामान: दोन जादा स्टड, चार जादा नट, स्टड ओढायचे वॉशर, तारेचा ब्रश, पेंट मार्कर, फीलर गेज आणि टॉर्क रेंच. रेंच ठेवताना त्याचा स्प्रिंग सगळ्यात खालच्या आकड्यावर सैल करून ठेवा.